ताण सोसणारी बाग

"कमी पाण्यात येणारी चार-पाच झाडं सांग ना." गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की शेवटी म्हटलं, एका वीकांताला बसून सगळं एकदाच लिहून काढावं. विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच. नोकरी पुण्यात नाहीतर बंगलोरला, आणि गावाकडे (कोणाचं जत, कोणाचं पाटोदा, कोणाचं कर्जत, नगरचं हो, मुंबईजवळचं नव्हे) आई-वडिलांनी रिटायरमेंटच्या पैशातून बांधलेलं घर. घराभोवती दोन-तीन गुंठे मोकळी जागा. मुलाने मोबाईलवर हिरव्यागार बागांचे फोटो बघितलेले असतात, आणि बोअरला मार्चनंतर पाणी टिकत नाही हेही त्याला माहीत असतं. मग हा प्रश्न.

तर मंडळी, मी काही वनस्पतीशास्त्रवाला नाही. कोड पाडून पोट भरणारा साधा इंजिनियर. पण आमचं गाव सांगोल्याकडचं, आणि तिथे घर बांधायला घेतलं तेव्हापासून ह्या विषयात डोकं घातलंय. थोडं वाचून, बरंचसं गावातल्या लोकांना विचारून माझं एक ठाम मत झालंय. आपल्या कोरडवाहू मुलखात बाग करताना लोक दोनपैकी एक नक्कल करतात. एक पुण्या-मुंबईच्या बंगल्याची, नाहीतर दुसरी अमेरिकेतल्या वाळवंटाची. दोन्ही आपल्याकडे चालत नाहीत. आणि त्याचं बिल फक्त आपल्यालाच येतं असं नाही, शेजारच्या विहिरीलाही येतं.

आधी पहिली नक्कल बघू, म्हणजे लॉन. आमच्या घराचं काम संपत आलं तेव्हा एका बाग करून देणाऱ्या माणसाने कोटेशन दिलं होतं. त्यात पहिलीच ओळ: लॉन, ६०० चौरस फूट. त्याखाली रांगेने पाम, फायकसचे गोल कापलेले चेंडू, वगैरे. किंमत ठीक होती. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षातच कळते. सॉफ्टवेअर बनवायचा खर्च एकदाच, सांभाळायचा खर्च आयुष्यभर. म्हणून मी त्याला विचारलं, ह्याला रोज पाणी किती लागेल? तो म्हणाला, "रोज संध्याकाळी अर्धा तास पाईप सोडायचा." अर्धा तास हे काय पाण्याचं माप झालं? मग घरी बसून हिशेब केला.

हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. उन्हाळ्यात आपल्याकडच्या उन्हात आणि वाऱ्यात हिरव्या गवतातून रोज ५ ते ७ मिलिमीटर पाणी उडून जातं. आपण कमीतला आकडा धरू. ६०० चौरस फूट म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. गुणिले ५, म्हणजे रोज २८० लिटर. मार्च ते मे ह्या ९२ दिवसांत पावणेसव्वीस हजार लिटर. पाईपने मारलेलं अर्धं पाणी वाया जातं ते वेगळंच.

आता हा आकडा कशाशी ताडून बघायचा? जल जीवन मिशनचा ग्रामीण भागासाठीचा निकष आहे माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे ते लॉन रोज पाच माणसांचं पाणी पिणार. अख्ख्या एका कुटुंबाचं! आणखी एक हिशेब. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आठवत असेल. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. आमच्या त्या कोटेशनमधल्यासारखी फक्त वीस लॉन्स एका उन्हाळ्यात तेवढं पाणी संपवतात. वीस घरं म्हणजे काय, तालुक्याच्या गावातली एक नवी कॉलनी.

कोणी म्हणेल, पैसे आमचे, टँकर आमचा, तुला काय त्रास? मान्य, पैसे तुमचे. पण टँकर काही ढगातून भरून येत नाही. तो कुठल्यातरी विहिरीतून, कुठल्यातरी बोअरमधून येतो, आणि जमिनीखालच्या पाण्याला सात-बारा नसतो. तुमच्या कुंपणाच्या आतलं गवत हिरवं ठेवायला जे पाणी उपसलं जातं, ते शेजारच्या डाळिंबाच्या मुळाखालचं पाणी असतं. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्याच वस्तीवर एकाने बोअर खोल नेला की दुसऱ्याचा आटतो, मग तो आणखी खोल नेतो, ही शर्यत मी शाळेत असल्यापासून बघतोय.

आता दुसरी नक्कल. ही जरा शिकल्या-सवरलेल्यांची. "झेरिस्केप" असा शब्द असतो, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कोरडं. १९८१ साली अमेरिकेत डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा खात्याने तो काढला. कल्पना उत्तम आहे: गवत कमी करा, तिथल्या हवेत जगणारी झाडं लावा, सारख्या तहानेची झाडं एकत्र ठेवा. लास व्हेगासकडे तर लोकांना लॉन काढायचे पैसे मिळतात. २०२१ साली नेवाडा राज्याने कायदाच केला, की नुसत्या शोभेच्या गवताला, म्हणजे रस्त्याच्या दुभाजकात, ऑफिसांच्या समोर वगैरे जे असतं त्याला, २०२७ पासून कोलोराडो नदीचं पाणी घालायचं नाही (घरांची अंगणं त्यातून वगळली आहेत). आपल्यातले जे लोक ऑनसाईटला ॲरिझोना-नेवाडाकडे जाऊन येतात ते हे सगळं बघून भारावतात. परत आल्यावर गावाकडच्या अंगणात पांढरे गोटे पसरतात, त्यात घायपात, निवडुंग आणि अडेनियम खोचतात, आणि पहिल्याच सप्टेंबरात अर्धी झाडं कुजून बसतात.

कारण? लास व्हेगासला वर्षाला पाऊस पडतो साधारण १०० मिलिमीटर. आमच्या सांगोला-आटपाडी भागाला आपण दुष्काळी म्हणतो, तिथेही सरासरी ५०० च्या आसपास पडतो. म्हणजे पाचपट! फक्त तो चार महिन्यांत पडतो, आणि त्यातला मोठा वाटा उत्तरा-हस्ताच्या नक्षत्रांत, कधीकधी चार दिवसांत कोसळतो. त्यात जमीन काळी असेल तर ती पाणी धरून बसते, आठ-आठ दिवस चिखल हलत नाही. वाळवंटातल्या झाडाला उन्हाचं काही वाटत नाही, त्याला हा चिखल मारतो. पांढऱ्या गोट्यांचं तर विचारूच नका. मे महिन्यात ते दुपारभर तापतात आणि रात्री घराच्या भिंतीवर उष्णता ओकत राहतात. वरून आईला पाय भाजतात म्हणून अंगणातच जाता येत नाही.

तेव्हा रिक्वायरमेंट नीट लिहायची तर ती अशी होईल. आम्हाला असं झाड पाहिजे जे आठ महिने पाण्याशिवाय काढेल, मे महिन्यात ४२ अंशांत उभं राहील, आणि सप्टेंबरात मुळाशी पाणी साचलं तरी मरणार नाही. "कमी पाण्यात येणारं" एवढंच म्हटलं तर यातली एकच अट सांगितल्यासारखी होते.

आणि अशी झाडं शोधायला लांब जावं लागत नाही. माळावर बघा, ओढ्याकाठी बघा. तिथे कोणी ड्रिप टाकलेलं नाही, कोणी खत घातलेलं नाही, तरी काहीतरी उभं असतंच. हे सगळ्यात जुनं टेस्टिंग. शे-दोनशे उन्हाळे प्रॉडक्शनमध्ये चाललेलं आहे.

यातल्या बऱ्याच झाडांची युक्ती एकच असते, पानगळ. पाणी उडतं पानांतून, मग पानंच टाकून द्यायची. पळस, पांगारा, बहावा, चाफा, सीताफळ सगळे हेच करतात. बहावा तर एप्रिल-मेमध्ये जवळजवळ निष्पर्ण होतो आणि त्याच वेळी पिवळ्या झुंबरांनी लगडतो. कडुनिंब शिशिरात पानं गाळतो आणि पाडव्याच्या सुमाराला नवी पालवी घेऊन उन्हाळ्यासाठी तयार. ही मंडळी पाण्याच्या वेळापत्रकाप्रमाणे जगतात. आपल्याला मात्र बाग बारा महिने हिरवीच पाहिजे असते. माझ्या मते अडचण नेमकी इथे आहे. झाडं मिळतात, आपली नजर तयार नसते. फेब्रुवारीत चाफ्याच्या नुसत्या बोडक्या फांद्या दिसल्या की पाहुणे म्हणतात, "झाड वाळलं वाटतं." वाळलं नाही हो, झोपलंय. उठवू नका.

डाळिंबवाल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे बहार धरायच्या आधी बागेला ताण देतात. पाणी तोडायचं, पानगळ होऊ द्यायची, छाटणी करायची आणि मग पाणी सोडायचं, की झाड फुलून येतं. मृग, हस्त, आंबे बहार, तिन्हीचं तंत्र हेच. मोगऱ्याचंही तसंच. हिवाळ्यात पाणी कमी करून, छाटून, पानं काढून त्याला ताण दिला तर उन्हाळ्यात कळ्यांनी भरतो. बोगनवेलीला रोज पाणी घाला, नुसती पानं वाढतील. तहानलेली ठेवा, रंगाने पेटेल. ताण म्हणजे आपल्याला फक्त डेडलाईनचा माहीत, पण झाडांच्या बाबतीत तो निगुतीने द्यायचा असतो. :)

आता प्रत्यक्ष झाडं. मी नावांची यादी करण्यापेक्षा काम सांगतो, कारण प्रत्येक झाडाला काहीतरी काम असावं असं माझं मत आहे.

सावलीसाठी कडुनिंब किंवा करंज. दोन्ही एकदा लागले की पाणी मागत नाहीत. करंजाची सावली दाट असते आणि तो चांगली ओल असलेल्या जमिनीतही तग धरतो. घराच्या पश्चिमेला, भिंतीपासून पंधरा-वीस फूट सोडून एक लावला तरी संध्याकाळी भिंत तापायची कमी होते. हे झाड नुसतं पाणी वाचवत नाही, कूलरचं पाणीही वाचवतं. जागा कमी असेल तर बहावा किंवा आपटा. (दसऱ्याला लोक कांचनाच्या फांद्या ओरबाडून आपटा म्हणून वाटतात. दारात खरा आपटा असेल तर तेवढीच चार जणांची ओळख पटेल.)

कुंपणासाठी मेंदी, अडुळसा, निर्गुडी. ह्या तिघांची गंमत म्हणजे तिन्ही छाटणी सोसतात, आणि त्यातल्या अडुळसा-निर्गुडीला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. ज्यांचं घर गावात आहे त्यांना ह्या एका गुणाची किंमत कळेल. आमच्याकडे झाडाचा पहिला शत्रू दुष्काळ नसतो, शेळी असते. नर्सरीत मिळणाऱ्या शोभेच्या कुंपणाच्या रोपांवर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

फळासाठी बोर, सीताफळ, आवळा, डाळिंब, शेवगा. सीताफळालाही शेळी खात नाही, आणि ते मुरमाड जमिनीवर खुशाल येतं. बीडकडच्या बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ उगाच नावाजलेलं नाही. शेवगा झपाट्याने वाढतो, पण त्याचं लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात. दारात शेवगा लावू नये असं जुनी माणसं म्हणतात त्यामागे हेच व्यवहारी कारण असावं. तेव्हा परसात, पत्र्यापासून आणि गाडीपासून लांब.

फुलांसाठी चाफा, बोगनवेल, कोरांटी, सदाफुली, आणि कुंडीत ऑफिस टाईम, जो सकाळी नऊ-दहाला उघडतो आणि दुपारनंतर मिटतो (आपल्यापेक्षा बरा, वेळेवर घरी तरी जातो). चाफ्याची फांदी आणली तर लगेच मातीत खोचू नका. आठवडाभर सावलीत ठेवून तिचा चीक वाळू द्या, मग लावा, आणि पाणी हात राखून घाला. कण्हेरही उत्तम, हायवेच्या दुभाजकात ती कशी जगते आपण बघतोच. पण पांढरी-गुलाबी कण्हेर आणि पिवळी बिट्टी, दोन्ही झाडं पानापासून बीपर्यंत विषारी असतात. घरात लहान मूल किंवा दारात जनावर असेल तर लावू नका. फुलासाठी एवढी जोखीम घ्यायची गरज नाही.

आणि माझं सगळ्यात लाडकं, तरवड. माळावर, रस्त्याच्या कडेला पिवळ्याधमक फुलांचं कमरेएवढं झुडूप दिसतं ना, ते. पाणी नाही, खत नाही, जनावर खात नाही, आणि वर्षातले बरेच महिने फुललेलं. तेलंगणात बतुकम्माच्या सणाला ह्याच फुलांची रास रचतात आणि ते तिथलं राज्यफूल आहे. आपल्याकडे? मी पुण्यातल्या तीन नर्सऱ्यांत विचारलं, तिन्हीकडे "असलं आम्ही ठेवत नाही". शेवटी माळावरच्या शेंगा आणल्या. बियांचं कवच टणक असतं म्हणून गरम पाण्यात रात्रभर भिजवून पिशव्यांत लावल्या. आज्जी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "तरवाड लावतुयास व्हय? आरं, त्यो काय लावत्यात व्हय, त्यो उगावतुया." तिला हसू आवरेना. मी म्हटलं, आज्जी, जे आपोआप उगवतं तेच तर मला पाहिजे!

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी "फक्त देशी झाडं" ह्या पंथाचा नाही. वर सांगितलेल्यातली बोगनवेल, चाफा, सीताफळ अमेरिका खंडातून आलेली, सदाफुली मादागास्करची. शेकडो वर्षं इथे राहिली, कोणाला त्रास देत नाहीत, आपल्या पूजेत आणि ताटात जाऊन बसली. उलट कोकणातली सुरंगी महाराष्ट्रातली म्हणून सांगोल्यात लावली तर ती बिचारी पहिल्याच वैशाखात जाईल. देशी म्हणजे राज्याच्या नकाशातलं नव्हे, त्या पावसातलं आणि त्या मातीतलं.

पण उलट टोकही तेवढंच धोक्याचं. झाड दुष्काळ सोसतं म्हणजे ते चांगलंच, असं अजिबात नाही. वेडी बाभूळ दुष्काळ सोसतेच की! इतकी सोसते की माळच्या माळ गिळते. घाणेरी तशीच. सध्या सगळीकडे दिसणारं कोनोकार्पस घ्या. हिरवंगार, भराभर वाढणारं, पाण्याची तक्रार नाही, म्हणून बिल्डरांचं आवडतं. पण त्याच्या परागकणांचा आणि पाईप-केबलमध्ये घुसणाऱ्या मुळांचा त्रास बघून गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तेव्हा नर्सरीवाला "कितीपण ऊन चालतं साहेब" म्हणाला की पुढचा प्रश्न विचारायचा: आणि हे कुंपणाबाहेर गेलं तर?

आता "लो मेंटेनन्स" ह्या शब्दाबद्दल. हा शब्द ऐकून लोकांना वाटतं झाड लावलं की विषय संपला. तसं नसतं. कडुनिंबसुद्धा पहिल्या दिवसापासून कडुनिंब नसतो, आधी तो एक हातभर रोप असतो आणि त्याची मुळं पिशवीएवढीच असतात. पहिली दोन वर्षं त्याला सांभाळावंच लागतं. मेंटेनन्स कमी होतो तो तिसऱ्या वर्षापासून, आणि तोही पहिल्या दोन वर्षांत नीट काम केलं तरच. (ओळखीचं वाटतंय ना?)

नीट काम म्हणजे काय? लागवड जून-जुलैत, पहिल्या दमदार पावसानंतर. दोन फुटांचा खड्डा, त्यात शेणखत आणि तीच माती. जमीन काळी असेल तर रोप खड्ड्यात खोल न बसवता थोड्या उंचवट्यावर, म्हणजे सप्टेंबरात बुडणार नाही. भोवती तीन-चार इंच पाचटाचं किंवा पाचोळ्याचं आच्छादन, खोडाला न चिकटवता. वाळवी लागत असेल तर थोडी निंबोळी पेंड. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज तांब्याभर पाणी घालायचं नाही. रोज वरवर पाणी मिळालं तर मुळं वरच राहतात, मग एक आठवडा आपण गावाला गेलो की झाड संपलं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा १५ लिटर, सावकाश. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर दोन तास चालवले की १६ लिटर होतात. ड्रिप नको असेल तर तळाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं रोपाशेजारी पुरा, आठवड्यातून एक-दोनदा भरा. बोअरच्या क्षारांनी ड्रिपर बुजतात, मडकं पाझरायचं कमी झालं तर बदलायला स्वस्त. दुसऱ्या उन्हाळ्यात दोन पाण्यांमधलं अंतर दहा-पंधरा दिवसांवर न्या. पाणी खाली गेलं की मुळं त्याच्या मागे खाली जातात.

वीस रोपांना आठवड्याला १५ लिटर म्हणजे ३०० लिटर. वरचा आकडा आठवा: लॉनला रोज २८०. म्हणजे लॉनच्या एका दिवसाच्या पाण्यात, वीस झाडांचा जवळजवळ एक आठवडा. तोही फक्त दोन वर्षं. त्यानंतर त्यातल्या बऱ्याच झाडांना आपली गरजच उरत नाही.

एवढं सगळं मी घरी मांडलं तेव्हा अण्णा लगेच पटले, कारण त्यांनी ७२ चा दुष्काळ लहानपणी बघितलाय. आई नाही पटली. तिचं म्हणणं, "आयुष्यभर क्वार्टरमध्ये काढलं, आता स्वतःच्या घरात पण तरवड आणि बोरीच बघायच्या का? मला मोगरा पाहिजे, गुलाब पाहिजे, गवती चहा पाहिजे, अळू पाहिजे." आणि तिचं बरोबर आहे. बाग म्हणजे काही पाणी वाचवायची स्पर्धा नव्हे. माणसाला आवडतं ते तिथे असलं पाहिजे, नाहीतर तिथे कोणी जाऊन बसणारच नाही, आणि जिथे कोणी बसत नाही तिथली झाडं पहिल्या दोन वर्षांत मरतात.

ह्याचं उत्तरही जुनंच आहे. पूर्वी न्हाणीघराचं पाणी कुठे जायचं? मागच्या दारी अळूला, केळीला, कर्दळीला. घरात जेवढी माणसं तेवढीच ती हिरवी जागा. सारख्या तहानेची झाडं एकत्र ठेवायची म्हणजे तरी दुसरं काय? आम्ही तसंच केलं. न्हाणीचं सांडपाणी एका छोट्या वाळू-खडीच्या खड्ड्यातून जाऊन केळ, कर्दळ आणि गुलाबांकडे वळतं. कपड्यांच्या पहिल्या साबणाचं पाणी वेगळं काढतो, आणि ज्या पालेभाज्या कच्च्या खायच्या त्यांना हे पाणी देत नाही. तुळस आणि गवती चहाला पिण्यातलं उरलंसुरलं पाणी पुरतं. बाकीच्या दोन गुंठ्यांत आमचा माळ. आईच्या वाट्याला तेवढा हिरवा तुकडा, तोही टँकरशिवाय.

शेवटचा आक्षेप सध्या आमच्याकडे फार ऐकू येतो: "आता टेंभूचं पाणी आलंय, आता कशाला दुष्काळी झाडं?" कृष्णेचं पाणी कराडजवळून टप्प्याटप्प्याने उचलून आटपाडी-सांगोल्याकडे आणलंय हे खरं, आणि ते किती पिढ्यांनी मागितलं होतं तेही खरं. मला त्याचा आनंदच आहे. पण ते पाणी आवर्तनाने येतं, विजेवर उचलून येतं, आणि ते शेतासाठी आहे. एवढे डोंगर चढून आलेलं पाणी मी अंगणातल्या शोभेच्या गवतावर ओतू? माझ्या मते पाणी आल्यावर ते कसं वापरतो त्यावरच कळतं, की दुष्काळातून आपण काही शिकलो की नुसते त्याला कंटाळलो होतो.

छपराचा हिशेबही जाता जाता सांगून टाकतो. १००० चौरस फुटांचं छत आणि ५०० मिलिमीटर पाऊस, त्यातलं ८० टक्के हाती लागलं धरलं तरी ३७ हजार लिटर. लॉन असेल तर त्यातलं पावणेसव्वीस हजार ते एकटंच उन्हाळ्यात पिऊन टाकेल. लॉन नसेल तर तेच पाणी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडता येतं. आम्ही तसंच सोडतो. त्यातलं किती आमच्या बोअरला येतं आणि किती शेजाऱ्याच्या, ते मोजायची सोय नाही, आणि मला ते मोजायचंही नाही.

असो. लेख लांबला. सारांश हवाच असेल तर: घर बांधताना बागेचं कोटेशन आलं की किमतीच्या आधी लिटर विचारा, रोजचे किती आणि मे महिन्यातले किती. उत्तर "अर्धा तास पाईप" असं आलं तर कागद परत द्या. मग एखाद्या रविवारी गावाबाहेरच्या माळावर चक्कर मारा आणि मे महिन्यात काय उभं आहे ते बघून या. माझी तरवडाची बारा रोपं लागली आहेत आणि पिशवीत अजून बी शिल्लक आहे. सांगोल्याकडे आलात तर घेऊन जा, आज्जी हसेल तेवढी फक्त तयारी ठेवा.